कंपाईल केलेली एक्स्टेन्शन्स आणि क्वेरीचा वेग : सिस्टीम आर ते बेंगळुरू

विषय : डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली (पूरक टिपण)
पूर्वतयारी : एसक्यूएल, इंडेक्सची मूलभूत कल्पना, सी भाषेची तोंडओळख

क्वेरीचा वेग वाढवण्याचे नेहमीचे उपाय तुम्ही शिकलेले आहात. योग्य रकान्यावर इंडेक्स लावा, जॉइनचा क्रम तपासा, नको असलेला डेटा मागवू नका. हे सगळे करूनही क्वेरी रेंगाळली की कोणीतरी हमखास सुचवतो, ‘जड काम करणारे फंक्शन सी भाषेत लिहा, कंपाईल करा आणि डेटाबेसला जोडा.’ उपाय खरा आहे आणि बऱ्याचदा लागूही पडतो. पण त्याने नक्की काय वेगवान होते आणि काय तसेच राहते, हे समजून न घेता तो वापरला तर मेहनत वाया जाते.

या टिपणात आपण त्या उपायाचा सुमारे ५० वर्षांचा इतिहास पाहणार आहोत. त्यातला सर्वांत बोधप्रद भाग आपल्या शहरातच, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, २००३ ते २००६ या काळात घडला. तो भारतीय भाषांतल्या नावांशी निगडित असल्यामुळे मराठी वाचकाला तो समजायला सोपाही जाईल.

१. प्रश्न काय आहे?

निपाणी किंवा खानापूरच्या एखाद्या मराठी कुटुंबाचा विचार करा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव देवनागरीत ‘कुलकर्णी’ असे आहे. कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या, त्या कन्नडमध्ये. तिथे हेच आडनाव कन्नड लिपीत आहे, शेवटचा स्वर ऱ्हस्व आहे आणि वाचताना ‘ल’मधला अकार स्पष्ट उच्चारला जातो. बँकेच्या पुस्तकावर ते रोमन लिपीत आहे. नोकरीसाठी हे कुटुंब बेंगळुरूला आले की तिन्ही नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे कोणीतरी जुळवावे लागते.

माणसाला हे एका नजरेत कळते. डेटाबेसला कळत नाही, कारण त्याच्या लेखी नाव म्हणजे आकड्यांची माळ. युनिकोडमध्ये देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१ आणि रोमन लहान ‘के’चा १०७. बरोबरीचे चिन्ह वापरले तर उत्तर कायम ‘नाही’. देवनागरी आणि कन्नड या दोन लिप्यांपुरते काम थोडे सोपे आहे. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकावरून घेतली, त्यामुळे समान अक्षरांच्या क्रमांकांत ठरावीक फरक असतो. इथे तो ८९६ आहे. पण तरीही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद उरतो, आणि रोमन लिपीत तर ‘काळे’ आणि ‘काले’ एकसारखेच लिहिले जातात.

म्हणजे आपल्याला ‘ही दोन नावे उच्चाराने जवळ आहेत का?’ असे विचारणारी तुलना हवी आहे. ती डेटाबेसमध्ये सहसा तयार मिळत नाही, आपण लिहायची असते. कुठे लिहायची हा या टिपणाचा प्रश्न आहे.

२. सिस्टीम आर : क्वेरीच कंपाईल करा

आधी मागे जाऊ. १९७० च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधन प्रयोगशाळेत सिस्टीम आर हा प्रकल्प चालू होता. एसक्यूएल तिथेच जन्मली. पहिल्या प्रायोगिक आवृत्तीत क्वेरीचा अर्थ चालवताना लावला जाई, म्हणजे इंटरप्रिटर पद्धत. रेमंड लोरी यांनी वेगळा मार्ग दाखवला. क्वेरी कितीही गुंतागुंतीची असली तरी ती थोड्याच प्रकारच्या मूलभूत कृतींत फोडता येते. त्या कृतींचे यंत्रभाषेतले सुमारे १०० तुकडे तयार ठेवायचे आणि क्वेरी आली की हवे ते तुकडे जोडून तिच्यापुरता खास प्रोग्रॅम बनवायचा.

यात दोन फायदे होते. वाक्यरचना तपासणे, परवानगी बघणे, कुठला इंडेक्स वापरायचा ते ठरवणे, ही सगळी कामे एकदाच होत, दर वेळी नाही. आणि प्रत्यक्ष ओळी वाचताना ‘आता काय करायचे आहे?’ हा प्रश्न यंत्राला पुन्हापुन्हा पडत नसे. एकदाच चालणाऱ्या क्वेरीतसुद्धा थोड्याशाच ओळी वाचल्यावर कंपाईल करण्याचा खर्च भरून निघतो, असे त्या गटाने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात नोंदवले आहे.

तरी पुढच्या बऱ्याच प्रणाली या वाटेने गेल्या नाहीत. यंत्रभाषा यंत्रागणिक बदलते, आणि त्या काळी खरा वेळ डिस्कवरून डेटा आणण्यात जात असे. डिस्कची वाट पाहत बसलेल्या प्रोसेसरला वेगवान प्रोग्रॅम देऊन फारसे साधत नाही. गोएट्झ ग्रेफे यांच्या ‘व्होल्कॅनो’ या कामातून पुढे रूढ झालेली पद्धत अशी : प्रत्येक क्रिया शेजारच्या क्रियेला ‘पुढची ओळ दे’ म्हणते. रचना सुटसुटीत, पण दर ओळीमागे अनेक फंक्शन कॉल. हा खर्च डिस्कच्या सावलीत अनेक वर्षे झाकलेला राहिला.

३. इंग्रेस ते पोस्टग्रेस : बाहेरच्याला दार उघडले

दुसरा प्रवाह कॅलिफोर्नियातच, बर्कलीला सुरू झाला. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या इंग्रेस या प्रणालीत तारखेचा डेटा प्रकार होता आणि तो नेहमीच्या दिनदर्शिकेप्रमाणे बरोबर चालत असे. पण रोख्यांचा व्यापार करणाऱ्या एका ग्राहकाला तो चुकीचा वाटला. त्या व्यवहारात प्रत्येक महिना ३० दिवसांचाच धरतात. १५ मार्चमधून १५ फेब्रुवारी वजा केली तर त्यांना ३० हवे होते, इंग्रेस २८ देत असे. हा किस्सा स्टोनब्रेकर यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. त्यांनी त्यातून घेतलेला धडा असा की वजाबाकीचा अर्थ डेटाबेस बनवणाऱ्याने ठरवू नये, तो वापरणाऱ्याला ठरवू द्यावा.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या गटाने इंग्रेसमध्ये नवे डेटा प्रकार जोडण्याचे प्रयोग केले. १९८६ मध्ये पोस्टग्रेसचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात हीच कल्पना केंद्रस्थानी होती. वापरकर्त्याने सी भाषेत फंक्शन लिहायचे, कंपाईल करायचे, आणि चालू असलेल्या सर्व्हरने गरज पडेल तेव्हा ते स्वतःच्या स्मृतीत ओढून घ्यायचे. त्यानंतर ते फंक्शन आतल्या बेरजेइतकेच थेट चालते. निरोप पाठवणे नाही, प्रोसेस बदलणे नाही.

या कल्पनेचा बाजारातला प्रवास थोडक्यात असा. स्टोनब्रेकर यांची इलुस्ट्रा ही कंपनी १९९६ मध्ये इन्फॉर्मिक्सकडे गेली आणि जोडभागांना ‘डेटाब्लेड’ हे नाव मिळाले. ओरॅकलने त्याच सुमारास ‘कार्ट्रिज’ आणले. बर्कलीच्या मूळ कोडवर एसक्यूएल चढवून पोस्टग्रेस९५ झाले, त्याचे १९९६ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल असे नामांतर झाले. २०११ च्या ९.१ या आवृत्तीत ‘क्रिएट एक्स्टेन्शन’ ही आज्ञा आली, तेव्हापासून असा जोडभाग एका ओळीत बसवता किंवा काढता येतो. स्टोनब्रेकर यांना २०१४ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

४. फंक्शन आत आले, पण इंजिनाला ते दिसते का?

इथे इतिहासातला महत्त्वाचा वळणबिंदू आहे, तो नीट लक्षात घ्या. सीमध्ये लिहिलेले फंक्शन सर्व्हरच्या आत आले तरी ऑप्टिमायझरच्या दृष्टीने ती बंद पेटी असते. ओळ आत टाकली की हो किंवा नाही बाहेर येते. आत काय आहे, त्याला किती वेळ लागतो, किती ओळी त्यातून पार होतील, त्यासाठी इंडेक्स वापरता येईल का, यातले काहीच त्याला माहीत नसते.

१९९३ मध्ये जोसेफ हेलरस्टीन आणि स्टोनब्रेकर यांनी महागड्या अटींचा प्रश्न हाताळला. नेहमीचा नियम असा, की गाळणारी अट जितक्या लवकर लावता येईल तितकी लावा. पण अट तपासणेच महाग असेल तर ती मागे ढकलावी, आधी स्वस्त अटींनी ओळी कमी करून घ्याव्यात. त्यासाठी ऑप्टिमायझरला त्या अटीची किंमत कळायला हवी. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये फंक्शनची किंमत जाहीर करण्याची सोय २००८ मधील ८.३ या आवृत्तीत आली. तुम्ही काहीच सांगितले नाही तर सी फंक्शनची किंमत १ आणि इतर भाषांतल्या फंक्शनची १०० धरली जाते. तुमचे सी फंक्शन प्रत्यक्षात खूप जड असेल आणि तुम्ही गप्प राहिलात, तर ऑप्टिमायझर ते बिनदिक्कत सर्वांत आधी लावू शकतो.

१९९५ मध्ये हेलरस्टीन, जेफ्री नॉटन आणि अवी फेफर यांनी ‘जिस्ट’ ही इंडेक्सची सर्वसाधारण चौकट मांडली. झाडासारखी रचना चौकट सांभाळते. या फांदीखाली हवी ती नोंद असू शकते का, एवढ्यासारखी मोजकी उत्तरे जोडभागाने द्यायची. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ती आजही वापरात आहे. नकाशांसाठीचे पोस्टजीआयएस तिच्यावर उभे आहे.

५. बेंगळुरू, २००३ ते २००६

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. भारतीय विज्ञान संस्थेच्या डेटाबेस सिस्टीम्स लॅबमध्ये जयंत हरितसा आणि ए. कुमारन यांनी बहुभाषिक डेटाबेसचा अभ्यास हाती घेतला. हे काम तीन टप्प्यांत पाहू.

पहिला टप्पा मोजमापाचा. २००३ मध्ये बर्लिनच्या व्हीएलडीबी परिषदेत त्यांनी दाखवले की त्या वेळच्या लोकप्रिय डेटाबेस प्रणालींमध्ये तोच मजकूर युनिकोडमध्ये ठेवला की वेग लक्षणीय घटतो, आणि ऑप्टिमायझरचे अंदाजही रोमन मजकुराइतके अचूक राहत नाहीत. याचा साधा अर्थ लक्षात घ्या. मराठीत किंवा कन्नडमध्ये नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला त्याच यंत्रावर इंग्रजीत नोंदी ठेवणाऱ्यापेक्षा मंद सेवा मिळत होती. उपाय म्हणून त्यांनी ‘क्युनिफॉर्म’ नावाची आटोपशीर साठवणपद्धत सुचवली.

दुसरा टप्पा नवी तुलना घडवण्याचा. २००४ मध्ये ईडीबीटी परिषदेत ‘लेक्सइक्वल’ ही क्रिया मांडली गेली. तिची कल्पना अशी. दोन्ही नावे आधी उच्चारांच्या माळेत बदला. मग एका माळेची दुसरी करायला किती उच्चार घालावे, काढावे किंवा बदलावे लागतात ते मोजा. याला संपादन-अंतर म्हणतात. हे अंतर नावाच्या लांबीच्या ठरावीक हिश्श्यात असेल तर नावे जुळली.

आपल्या उदाहरणात मराठी उच्चार क-उ-ल-क-अ-र-ण-ई, म्हणजे ८ ध्वनी. कन्नड वाचनात ‘ल’नंतर एक ‘अ’ जास्त, म्हणजे ९. ऱ्हस्व-दीर्घ एकच धरला तर अंतर १. मर्यादा पाव लांबीची ठेवली, तर ८ चा पाव २. एक हा दोनपेक्षा कमी, म्हणून जुळले. पण हीच मर्यादा ‘काळे’ या ४ ध्वनींच्या नावाला लावा. मर्यादा १, आणि ‘काले’पासूनचे अंतरही १. म्हणजे दोन वेगळी आडनावे एक ठरली! म्हणून मर्यादा किती ठेवायची आणि कोणते ध्वनी परस्परांना किती जवळचे मानायचे, हे बदलता यायला हवे. लेक्सइक्वलमध्ये तशी सोय होती. जवळच्या ध्वनींचे गट कसे पाडायचे ते आपल्याला परके नाही. आपली वर्णमालाच उच्चारस्थानांप्रमाणे कवर्ग, चवर्ग, टवर्ग अशी लावलेली आहे. १९१८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेल्या ‘साउंडेक्स’लाही ध्वनींचे गट पाडावे लागले, पण ते रोमन अक्षरांपुरते.

या टप्प्यावर लेक्सइक्वल बाजारातल्या तयार डेटाबेसवर, वापरकर्त्याने लिहिलेले फंक्शन म्हणून बसवले होते. उत्तरे चांगली येत, पण प्रत्येक ओळीवर फंक्शन चालवणे फार महाग पडे. म्हणून त्यांनी नावाचे छोटे तुकडे पाडून आधी ढोबळ चाळणी लावली आणि उच्चारगटांवर इंडेक्स बांधला. संपादन-अंतर फक्त चाळणीत उरलेल्या नावांवर मोजायचे. वेग पुष्कळ सुधारला.

तिसरा टप्पा आपल्या विषयाचा गाभा आहे. २००६ च्या आयसीडीई परिषदेत कुमारन, पवन के. चौदरी आणि हरितसा यांनी हीच क्रिया पोस्टग्रेसक्यूएलच्या गाभ्यात नेली. नुसते फंक्शन सीमध्ये लिहून ते थांबले नाहीत. त्यांनी मजकुराबरोबर त्याची भाषाही सांभाळणारा नवा डेटा प्रकार केला. क्रियांचे बीजगणित मांडले, म्हणजे कोणती क्रिया कोणाच्या आधी किंवा नंतर केली तरी उत्तर तेच राहते याचे नियम. त्या नियमांशी ऑप्टिमायझरला जोडून दिले, आणि अंतरावर आधारित मेट्रिक इंडेक्स बसवला. सर्व्हरबाहेरच्या पद्धतीच्या तुलनेत नवी पद्धत जास्तीत जास्त दोन ‘ऑर्डर ऑफ मॅग्निट्यूड’, म्हणजे सुमारे १०० पटींपर्यंत वेगवान ठरल्याचे त्यांनी नोंदवले. आधीपासून असलेल्या कामांच्या वेगावर त्याचा वाईट परिणाम झाला नाही, हेही त्यांनी तपासले. ‘इतिहास’ शोधला तर दुसऱ्या भाषेतली त्याच विषयाची पुस्तकेही सापडावीत, यासाठीची ‘सेमइक्वल’ ही अर्थावर आधारित क्रियाही त्याच इंजिनात होती.

६. थोडा हिशेब

वेग दोन वेगळ्या वाटांनी येतो. पहिली वाट म्हणजे एक तुलना स्वस्त करणे. दुसरी म्हणजे तुलनांची संख्या कमी करणे. कंपाईल केल्याने पहिली साधते. दुसरीसाठी इंजिनाला तुलनेचा अर्थ कळावा लागतो. पुढचे आकडे समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत, प्रयोगातले नाहीत.

८ आणि ९ ध्वनींच्या नावांचे संपादन-अंतर काढायला ८ गुणिले ९, म्हणजे ७२ घरांचा तक्ता भरावा लागतो. १० लाख नावांतून एक नाव शोधायचे तर ७.२ कोटी घरे. कंपाईल केलेले सी फंक्शन सेकंदाला १०० कोटी घरे भरते असे धरा, तर सेकंदाचा दहावा भागही लागणार नाही. ओळीओळीने अर्थ लावत चालणारी भाषा १०० पट मंद धरली, तर ७ सेकंद. इथे सीचा फायदा उघड आहे आणि काम तिथेच संपते.

आता १० लाख नावांची एक यादी दुसऱ्या १० लाखांच्या यादीशी जुळवा. जोड्या १ लाख कोटी, घरे ७२ लाख कोटी. सीमध्ये ७२,००० सेकंद, म्हणजे २० तास. मंद भाषेत २,००० तास, म्हणजे सुमारे ८३ दिवस. समजा चाळणीने हजारातील एकच जोडी पुढे जाऊ दिली आणि चाळणीचा स्वतःचा खर्च तूर्त बाजूला ठेवला. मग सीमध्ये ७२ सेकंद, मंद भाषेत २ तास.

हे चार आकडे शेजारी ठेवून बघा. चाळणी असलेली मंद भाषा (२ तास) ही चाळणी नसलेल्या सीपेक्षा (२० तास) दहापट वेगवान आहे. दोन्ही एकत्र आल्या तरच ७२ सेकंद. बेंगळुरूच्या गटाने २००४ मध्ये चाळणीची वाट धरली आणि २००६ मध्ये ती गाभ्यात नेऊन दोन्ही वाटा जोडल्या.

मेट्रिक इंडेक्स चाळणीचे काम कसे करतो? समजा ५० नावांचा एक गट आहे आणि गटातले प्रत्येक नाव मधल्या नावापासून २ अंतराच्या आत आहे. तुमचे नाव त्या मधल्या नावापासून ७ अंतरावर निघाले, तर गटातले कोणतेही नाव तुमच्यापासून ५ पेक्षा जवळ असू शकत नाही. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा कमी नसते, तोच नियम. एक तुलना करून ५० वाचल्या. अर्थात नावे आखूड असली आणि मर्यादा सैल ठेवली तर गट एकमेकांत मिसळतात आणि फार थोड्या तुलना वाचतात. इंडेक्स लावला म्हणजे काम झाले असे समजू नका, मोजून बघा.

७. नंतरची वर्षे : भिंत दोन्ही बाजूंनी पातळ झाली

पुढे स्मृती स्वस्त झाली, डेटा डिस्कवरून स्मृतीत आला आणि व्होल्कॅनो पद्धतीचा झाकलेला खर्च उघडा पडला. २०११ मध्ये म्युनिकचे थॉमस नॉयमान यांनी ‘हायपर’ या प्रणालीत क्वेरी पुन्हा यंत्रभाषेत नेली. लोरींच्या कल्पनेचे हे पुनरागमन होते. फरक असा, की यंत्रागणिक तुकडे हाताने लिहायची गरज उरली नव्हती. ते काम एलएलव्हीएम या कंपायलर संचाने केले. तो २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी सुरू केला. अडवे हे आयआयटी मुंबईचे १९८७ चे पदवीधर.

२०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल ११ मध्ये एलएलव्हीएमच्या आधाराने चालत्या क्वेरीतील पदावल्या कंपाईल करण्याची सोय आली. तिचा एक बारकावा आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. जोडभाग बांधताना त्याचे मधल्या पातळीवरचे रूप सोबत ठेवले, तर त्यातली लहान फंक्शन्स क्वेरीच्या कोडमध्ये थेट मिसळता येतात. म्हणजे बंद पेटी कंपायलरपुरती उघडली.

ऑप्टिमायझरपुरती ती २०१९ मध्ये उघडली. पोस्टग्रेसक्यूएल १२ पासून फंक्शनसोबत एक ‘आधार फंक्शन’ देता येते. ऑप्टिमायझर त्याला विचारतो : किती ओळी पार होतील? खर्च किती? तुझ्याऐवजी इंडेक्सवर कोणती अट लावता येईल? त्याच वर्षीच्या पोस्टजीआयएस ३.० ने याचा लगेच वापर केला.

तिसरी वाट आयआयटी मुंबईशी निगडित आहे. एस. सुदर्शन यांच्या गटाने, २०१४ च्या आयसीडीईमधील कामासह, असा विचार मांडला की वापरकर्त्याचे फंक्शन वेगाने चालवण्यापेक्षा ते उलगडून क्वेरीतच विरघळवावे. त्या गटात पीएच.डी. केलेले कार्तिक रामचंद्र यांनी सहकाऱ्यांसह मायक्रोसॉफ्टमध्ये ‘फ्रॉइड’ हे काम केले, ते एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये उतरले. फंक्शन एकदा साध्या क्वेरीत बदलले की ऑप्टिमायझरला ते आरपार दिसते. यात हाताने सी लिहावे लागत नाही.

८. वेगाची किंमत

सी जोडभाग सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये चालतो. त्यात चुकीचा पॉइंटर वापरला गेला तर ती प्रोसेस कोसळते, आणि सामायिक स्मृती बिघडली असेल या शंकेने पोस्टग्रेसक्यूएल बाकीची सगळी जोडणी तोडून स्वतःला सावरून घेते. एका माणसाच्या नावशोधामुळे सगळ्यांचे काम थांबते. म्हणूनच सी फंक्शन नोंदवण्याचा अधिकार फक्त सुपरयूजरला असतो, आणि क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या डेटाबेसमध्ये सहसा ठरलेल्या यादीतलीच एक्स्टेन्शन्स मिळतात.

दुसरा धोका अधिक फसवा आहे, कारण त्यात काही कोसळत नाही. फंक्शनबद्दल तुम्ही इंजिनाला जे सांगता त्यावर ते विश्वास ठेवते. ‘त्याच नावाला कायम तेच उत्तर’ असे जाहीर करून तुम्ही उच्चारमालेवर इंडेक्स बांधलात आणि सहा महिन्यांनी ‘ळ’चा नियम बदललात, तर जुना इंडेक्स जुन्याच नियमाने उत्तरे देत राहील. क्वेरी वेगाने चालेल, कुठलीही त्रुटी दिसणार नाही, आणि काही काळे सापडणार नाहीत. नियम बदलला की इंडेक्स नव्याने बांधायचा, ही शिस्त पाळावीच लागते.

तयार जोडभागही डोळे झाकून घेऊ नका. पोस्टग्रेसक्यूएलसोबत येणाऱ्या ‘फझीस्ट्रमॅच’मधील साउंडेक्स यूटीएफ-८ सारख्या बहुबाइट मजकुरावर नीट चालत नाही, असे त्याच्या दस्तऐवजातच लिहिले आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. फंक्शन कंपाईल केलेले आहे, वेगवान आहे, पण आपल्या नावांसाठी बनलेले नाही.

म्हणून सी संपादक उघडण्याआधी हा क्रम पाळा. क्वेरीचा प्लॅन वाचा आणि फंक्शन किती वेळा चालते ते मोजा. संख्या जास्त असेल तर आधी ती कमी करण्याचा मार्ग शोधा. उरलेला कॉल महाग असेल तर कंपाईल करा. आणि कंपाईल केल्यावर इंजिनाला त्याची किंमत, गाळणक्षमता आणि इंडेक्सशी असलेले नाते सांगा. शंभर पटींपर्यंतचा तो फरक मोजला गेला तो फंक्शन, डेटा प्रकार, ऑप्टिमायझर आणि इंडेक्स एकत्र जोडल्यावर.

नाव जुळवायला २० तास लागले तर ती जुळवणी कोणतेही कार्यालय रोज करणार नाही, आणि दोन लिप्यांत नोंद असलेल्या माणसाला कागदांची जुडगी घेऊन खिडकीशी उभे राहावे लागेल. ७२ सेकंद लागले तर त्याला यावेच लागणार नाही.

विचारासाठी प्रश्न

१. ‘काळे’ आणि ‘काले’ वेगळे ठेवायचे, पण मराठी आणि कन्नड ‘कुलकर्णी’ जुळवायचे. ध्वनींमधील अंतर आणि मर्यादा कशी ठेवाल? त्यात कोणती खरी जुळणी हातची जाईल?

२. विभाग ६ मधील हिशेबात चाळणीचा स्वतःचा खर्च प्रत्येक जोडीला १ घर भरण्याइतका धरा. चारही आकडे पुन्हा काढा. निष्कर्ष बदलतो का?

३. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये एकच संपादन-अंतर फंक्शन आधी पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये आणि मग सीमध्ये लिहा. एका यादीतील शोध आणि दोन याद्यांचा जॉइन, दोन्हींचा वेळ मोजून प्लॅनसह वहीत नोंदवा.